दगडांतला शिकारी : स्टोनफिश

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, गुडघाभर पाण्यात, एक मासा दगडांमध्ये दगड होऊन पडून असतो. स्टोनफिश त्याचं नाव. तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकमधल्या बेटांपर्यंत तो आढळतो. आपल्या अंदमान आणि लक्षद्वीपच्या प्रवाळांतही त्याची वस्ती आहे.

फार तर ४० सेंटिमीटर लांबीचा हा मासा. अंगावर खवले नाहीत. कातडी जाड आणि चामखिळींनी भरलेली, तिच्यावर शेवाळही धरतं. पुढच्या रुंद परांनी वाळू उकरून तो स्वतःला अर्धवट पुरून घेतो. वर दिसतात ते बारीक डोळे आणि आकाशाकडे उघडणारं तोंड.

आणि मग तासन् तास हालचाल नाही.

लहान मासा किंवा कोळंबी टप्प्यात आली, की तो जबडा फाकतो. पाण्याचा लोट आत ओढला जातो आणि त्याच्याबरोबर भक्ष्यही. या झडपेला लागतात जेमतेम ०.०१५ सेकंद.

पाठीवरच्या १३ विषारी काट्यांचा या शिकारीत काहीही वाटा नसतो. ते आहेत शार्क आणि पाकटांसारख्या शत्रूंपासून बचावासाठी. प्रत्येक काट्याला दोन्ही बाजूंनी विषाच्या पिशव्या असतात. वरून दाब पडला, की काट्यावरचं आवरण मागे सरकतं, पिशव्या दाबल्या जातात आणि खाचांमधून विष जखमेत उतरतं. म्हणजे हा मासा माणसाच्या अंगावर धावून येत नाही. माणसाचा पाय त्याच्यावर पडतो. सीलाकँथ माशाला शास्त्रीय नाव देणारे दक्षिण आफ्रिकेचे मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांनाही १९५० मध्ये मोझांबिकच्या किनाऱ्यावर हा काटा टोचला. त्या असह्य वेदनांची हकिकत त्यांनी पुढे शास्त्रीय नियतकालिकात नोंदवली.

ओहोटीनं पाणी हटलं तरी स्टोनफिश बराच वेळ तग धरतो. त्यामुळे उघड्या पडलेल्या प्रवाळखडकावरही अनवाणी फिरू नये. जाड तळव्याचे बूट घालावेत आणि कोणताही दगड हातानं उलथू नये.

काटा टोचलाच, तर जखमेचा भाग सोसवेल इतक्या, म्हणजे सुमारे ४५ अंश सेल्सिअस गरम पाण्यात बुडवून ठेवावा. हे विष प्रथिनांचं असल्यामुळे उष्णतेनं त्याचा जोर कमी होतो. पाणी भाजणारं नाही ना, हे दुसऱ्या कुणीतरी हात घालून आधी तपासावं, आणि लगेच रुग्णालय गाठावं. ऑस्ट्रेलियात १९५९ पासून या विषावर प्रतिविषाचं इंजेक्शन उपलब्ध आहे.