पाणबुडी घडवणारे हात

८ डिसेंबर हा भारतीय नौदलाचा पाणबुडी दिन. १९६७ साली याच तारखेला लॅटव्हियातल्या रिगा बंदरात ‘कलवरी’ ही आपली पहिली पाणबुडी नौदलात दाखल झाली. सुएझ कालवा तेव्हा बंद होता. आफ्रिकेला वळसा घालून ती विशाखापट्टणमला पोहोचली.

पाणबुडी बुडवणं अवघड नाही. टाक्यांत पाणी घेतलं की ती खाली जाते. अडचण हवेची. इंजिनाला हवा लागते, ती पाण्याखाली आणायची कुठून? आयर्लंडमध्ये जन्मलेल्या जॉन हॉलंड या शाळामास्तरानं त्यावर तोड काढली. पाण्यावर पेट्रोलचं इंजिन चालवायचं, त्यावरच बॅटऱ्या चार्ज करायच्या आणि खाली गेल्यावर विजेची मोटार. अमेरिकी नौदलानं त्याची बोट १९०० साली विकत घेतली. पुढे पेट्रोलऐवजी डिझेल आलं, पण आपल्या कलवरीचं तंत्र मुळात हेच.

१९६८ मध्ये ‘खांदेरी’ आली. थळसमोरच्या ज्या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ साली किल्ला बांधायला घेतला, त्याचं हे नाव ऐकून ऊर भरून येतो. पण नाव आपलं, बांधणी सोव्हिएत. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. पाणबुड्या मात्र आपण आयत्या घेत राहिलो.

मुंबईच्या माझगाव गोदीत जर्मन आराखड्यावर बांधलेली ‘शाल्की’ १९९२ मध्ये दाखल झाली. देशात घडलेली ही पहिली पाणबुडी, माझ्या मते खरी सुरुवात तीच. जाड पोलादी कड्या एकमेकींना जोडून तिचं अंग तयार होतं. खोल पाण्याचा दाब चहूबाजूंनी येतो. एक सांधा कच्चा राहिला तरी सगळ्यांच्या जिवावर बेततं. १९९४ मध्ये ‘शंकुल’ आली आणि काम थांबलं. जर्मन व्यवहारात दलालीचे आरोप झाले होते, पुढच्या बोटींची मागणी गेलीच नाही.

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत काम केलेल्यांना वेगळं सांगायला नको: वेल्डिंगवर हात बसायला वर्षं लागतात. काम नसलं की कारागीर पांगतात. गोदीत हेच झालं. फ्रेंच आराखड्याची नवी ‘कलवरी’ दाखल व्हायला २०१७ साल उजाडलं. मधे तेवीस वर्षं गेली, बरंचसं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं.

नव्या ‘कलवरी’च्या मालिकेतली सहावी पाणबुडी, ‘वागशीर’, जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली. एक बोट पाण्यात उतरण्याआधी पुढचीचं पोलाद कापायला घेतलं पाहिजे, एवढा आग्रह आपण नागरिकांनी धरायला हवा.