‘डिअर एक्स’: तो चेहरा बघून आपणही फसतो

आज एकाच सिरीजवर बोलायचंय, ‘डिअर एक्स’. 12 भागांची कोरियन थ्रिलर, नोव्हेंबर 2025 मध्ये टीव्हिंगवर आली. मूळ कथा एका वेबटूनची, आणि दिग्दर्शक ली उंग-बोक, म्हणजे आपले ‘गॉब्लिन’ आणि ‘मिस्टर सनशाइन’वाले. सुरुवातीच्या भागांचे स्पॉइलर येणारेत. बघायची असेल तर इथेच पॉज करा, मी थांबतो.

थांबलात नाही ना? बरं.

नायिका बेक आ-जिन. पुढे मोठी नटी होते, पण लहानपण मारकुट्या बापाच्या घरात गेलेलं. समोरच्याला काय हवंय ते तिला चटकन कळतं. जुन-सो लहानपणी काही काळ तिचा सावत्र भाऊ म्हणून एकाच घरात राहिलाय. त्याला तिला वाचवायचंय, म्हणून त्याच्यासमोर ती बिचारी. जे-ओला आजवर कुणी किंमत दिली नाही, म्हणून त्याला ती काम देते. दोघंही खूश! वापरले जातायत हे कळत असूनही खूश, हे जास्त भीतीदायक आहे.

आता कास्टिंग बघा. किम यू-जंग. ही पोरगी बालकलाकार म्हणून कोरियन प्रेक्षकांसमोर वाढली. 2012 च्या ‘मून एम्ब्रेसिंग द सन’मध्ये नायिकेचं लहानपण तिनेच केलं होतं. ‘ट्वेंटीएथ सेंच्युरी गर्ल’ पाहून रडलेले तुमच्यात किती आहेत, मला माहितीये. म्हणजे त्या चेहऱ्यावर आपला विश्वास आधीपासूनच आहे. आ-जिन जे जुन-सोला करते, तेच ही सिरीज आपल्याला करते.

आणि मग येतो कॅफेवाला. आ-जिन त्याच्याकडे पार्टटाइम काम करते. सरळ माणूस, तिच्याशी नीट वागणारा, बदल्यात काही न मागणारा. बापापासून सुटका करून घ्यायला ती नेमका त्यालाच वापरते, आणि तुरुंगात तो जातो.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. सर्व्हर पडला की आम्ही मूळ कारण शोधतो. ते सापडलं म्हणून ज्यांचा डेटा उडाला त्यांचा डेटा परत येत नाही. आ-जिनचं मूळ कारण सापडतं, तो बाप. त्याची चीड यायलाच हवी. पण कॅफेवाल्याने काय केलं होतं? तरीही पुढच्या भागात मी परत ‘पकडली जाऊ नये यार’ म्हणत बसलो होतो.

एक गोष्ट मात्र सांगतो. तिला ‘सोशिओपॅथ’ म्हणतात, पण ते काही अधिकृत निदान नाही. डीएसएम-5 मध्ये समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार आहे, आणि त्याचं निदान 18 वर्षांच्या आत करत नाहीत. आ-जिन सुरुवातीला शाळेतली मुलगी आहे. त्यामुळे ऑफिसातल्या प्रत्येक खडूस माणसाला हे लेबल लावू नका, प्लीज.

‘इट्स ओके टू नॉट बी ओके’मध्ये अशाच थंड नायिकेला प्रेमाने ऊब दिली होती. मला ती आवडली होती, पण ती रोमान्स होती. इथे प्रेम करणाऱ्याचाच बळी जातो.

मधले काही भाग लांबलेत, इंडस्ट्रीतली भांडणं मी चक्क दीडपट वेगाने पाहिली. कॅफेवाल्याचे भाग मात्र तसे बघू नका. आणि कमेंटमध्ये सांगा, कितव्या भागापर्यंत तुम्ही तिच्या बाजूने होतात?