वाचकांची पत्रे आणि पाखरांच्या नोंदी



पक्षिनिरीक्षणाच्या छंदाला वाहिलेले एक लहानसे मासिक आम्ही चारपाच मंडळी पुष्कळ वर्षे चालवीत आलो आहोत. त्यात पाखरांची वर्णने असतात, चित्रे असतात. परंतु अंक हाती पडताच वर्गणीदार प्रथम उघडतो ते शेवटचे पान, वाचकांच्या पत्रांचे. आपले पत्र आले आहे काय, आणि आले असल्यास त्यावर कात्री किती चालली आहे, हे त्याला पाहावयाचे असते. या कात्रीविषयीच आज आपणाशी बोलावे असे आम्ही योजिले आहे.

छंदिष्टांच्या पत्रांना हसणारे लोक आहेत. त्यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचा इतिहास पाहावा. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी ही संस्था काढली, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे त्यांत होते. १८८६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. त्यातील संकीर्ण टिपणे पाठविणारे बहुतेक लोक पोटासाठी दुसराच उद्योग करणारे: कोणी जंगलखात्यातले, कोणी मळेवाले, कोणी शिकारी. पुढे १९६० च्या सुमारास झफर फतेहअली यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी छोटे पत्रक सुरू केले, तेही अशाच हौशी मंडळींच्या टिपणांवर वाढले. कोणता पक्षी कोठे, केव्हा दिसतो याचे आपले ज्ञान पुष्कळसे या पत्रलेखकांनी दिलेले आहे. म्हणूनच पत्र खरे की खोटे, याची चौकशी करावी लागते.

मे सरत आला की आमच्याकडे चातकाची पत्रे सुरू होतात. सर्वांत आधी चातक आपणांस दिसावा अशी प्रत्येकाची इच्छा, आणि तारीख दरवर्षी मागे मागे सरकत जाते! आमची पद्धत अशी, की उलट टपाली एक कार्ड जाते. पाहिला की नुसता ऐकला? किती अंतरावरून? सोबत कोणी होते काय? पावशाचे 'पेरते व्हा' ऐकून 'चातक आला' असे लिहिणारे आमच्यात थोडेथोडके नाहीत. शाळकरी मुलगा असेल तर कार्डाचे उत्तर मुकाट्याने देतो, बहुधा सोबत चित्रही काढून पाठवितो. पण ज्यांनी तीस वर्षे रानात घालविली असे गृहस्थ रागावतात. "मला विचारता?" असे एका सद्गृहस्थांनी आम्हांस लिहिले, आणि वर्गणी बंद केली. आम्ही तरीही विचारतो. किंबहुना मोठ्या माणसास आधी विचारावे असे आमचे मत आहे. मुलाची चूक दुसऱ्याच महिन्यात कोणीतरी दाखवून देतो. मोठ्याची चूक ग्रंथात जाऊन बसते.

ती कशी बसते, पाहा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचे गाव आहे. १८९२ ते १९३० या काळात त्याच्या आसपास दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदींचा नुसता पाऊस पडला. त्यांतले बरेचसे पक्षी पेंढा भरणाऱ्या एकाच कारागिराच्या हातून गेलेले. शंका पूर्वीपासून होती. पण उघड निवाडा झाला तो 'ब्रिटिश बर्ड्‌स' मासिकाच्या ऑगस्ट १९६२ च्या अंकात. जॉन नेल्डर हे संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी पाखरे नव्हे, आकडे तपासले. त्या टापूत जितके दुर्मिळ पक्षी, तितके त्याच काळात शेजारच्या टापूत नाहीत, आणि नंतरच्या काळात खुद्द त्या टापूतही नाहीत! जवळजवळ ६०० नोंदी बाद ठरल्या, कित्येक जाती देशाच्या यादीतून खाली उतरल्या. परदेशी मारलेले पक्षी बर्फात घालून जहाजाने आणीत व स्थानिक म्हणून चढ्या भावाने विकीत, असा तर्क आहे. पण तो कारागीर तोवर वारला होता. १९६८ मध्ये डॉ. जेम्स हॅरिसन यांनी त्याच्या बाजूने एक अख्खे पुस्तक लिहिले. मेलेल्या माणसाला कोण काय विचारणार? वाद्यांनाही उत्तर नाही, त्यालाही बचाव नाही. जागच्या जागी, पहिल्या पाचदहा पत्रांच्या वेळीच, सर्वांदेखत चौकशी झाली असती तर ती त्याच्याही हिताची झाली असती. पुढे त्या जातींपैकी बऱ्याच नव्या, खात्रीच्या नोंदींवरून यादीत परत आल्या, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या खानदेशातली गोष्ट याहून जवळची आहे. रानपिंगळा नावाचे एक छोटे घुबड १८७३ मध्ये ह्यूमने शास्त्रास परिचित करून दिले. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना नाही; अपवाद एकच, कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळाला म्हणून सांगितलेला. कर्नलसाहेब मोठे आसामी; त्यांना कार्ड कोण पाठविणार? पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, आणि तो जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात पूर्वी जमविलेल्या संग्रहातून चोरून, नवी चिठ्ठी लावून मांडलेला निघाला. ती नोंद बाजूस सारून, खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणी शोध घेतला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला! एकशेतेरा वर्षांनी. पुढे मेळघाटातही तो मिळाला.

आता कात्रीची दुसरी बाजू. पत्र शब्दन् शब्द खरे असले तरी सगळे छापता येत नाही. एखाद्याला दुर्मिळ पक्ष्याचे घरटे सापडते. तो उत्साहाने नाला, झाड, फांदी, सारे लिहून पाठवितो. छापले, की पुढच्या रविवारी त्या झाडाखाली कॅमेऱ्यांची जत्रा, आणि घरट्यावरची मादी उठून जाते. असे पत्र आम्ही तालुक्याचे नाव ठेवून बाकी गाळून छापतो, आणि गाळले आहे असे खाली लिहितो. लेखकाला न कळविता एक ओळही काढावयाची नाही, हा आमचा नेम.

भांडणाच्या पत्रांविषयी फार सांगण्यासारखे नाही. 'अमक्यांना घार आणि गिधाड यांतला भेद कळत नाही' या वाक्यातले अमके आम्ही काढतो, घार आणि गिधाड ठेवतो.

सध्या आमच्यापुढे एक पत्र आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शेतकऱ्याचे. भर दुपारी बांधावरच्या सागावर रानपिंगळा बसलेला दिसला म्हणतो. साधा पिंगळाही पुष्कळदा दिवसा दिसतो, म्हणून कार्ड गेले आहे: डोक्यावर ठिपके ठळक होते की जेमतेम? पोट पांढरे होते काय? उत्तर आठवडाभरात येईलसे वाटते.