पासवर्ड कुणाकडे आहे?

(ऑगस्ट २०२१ मध्ये रेडिओवरून झालेल्या भाषणाची संहिता)

अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरताना पालकांनी काय काळजी घ्यावी, असा विषय मला दिला आहे. कागदपत्रांची यादी, फेऱ्यांचं वेळापत्रक, कॉलेजांचे कोड हे सगळं संकेतस्थळावर आहे आणि एव्हाना तुमचं ते तोंडपाठ झालं असणार. ते मी वाचून दाखवत बसत नाही. मला एवढंच विचारायचंय, की तुमच्या मुलाच्या लॉगिनचा पासवर्ड कुणाकडे आहे?

हसू नका. आमच्या मार्गदर्शन केंद्रावर मी रोज हा प्रश्न विचारते. मूल गप्प बसतं आणि बाबा खिशातून डायरी काढतात. ओटीपी बाबांच्या मोबाइलवर, सुरक्षा-प्रश्नाचं उत्तर आईला ठाऊक, आणि ज्याला पुढची दोन वर्षं त्या कॉलेजात जायचंय तो मास्क वरखाली करत भिंतीवरचं वेळापत्रक वाचतोय.

आता ही मुलं कोणती, ते जरा आठवा. ही नववीत होती तेव्हा कोरोनाचा मार्च २०२० उजाडला. वार्षिक परीक्षा रद्द झाली. त्यांच्या पुढच्या बॅचचा तर दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, सरासरीने गुण मिळाले. मग या मुलांनी अख्खी दहावी मोबाइलच्या पडद्यावर काढली. घरात फोन एक आणि भावंडं दोन, असं असेल तर अर्धीच काढली म्हणा. एप्रिलमध्ये बोर्डाची परीक्षाही रद्द. मग सूत्र आलं. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाचे ३० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २०. म्हणजे निम्मे गुण त्या नववीचे, जिची शेवटची परीक्षाच झाली नव्हती. १६ जुलैला निकाल लागला, ९९.९५ टक्के, आणि निकालाचं संकेतस्थळ त्या दिवशी आडवं झालं. तेवढ्यात अकरावीसाठी सीईटी ठरली होती, शंभर गुणांची, ऐच्छिक, २१ ऑगस्टला. मुलं पुन्हा इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं घेऊन बसली. १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती सीईटीच रद्द केली आणि सहा आठवड्यांत प्रवेश उरका म्हणून सांगितलं.

निर्णय बरोबर होते की चूक, त्यात मी शिरत नाही. माझा मुद्दा निराळा आहे. दीड वर्षात या मुलांच्या बाबतीत जे जे ठरलं ते मंत्रालयात ठरलं, बोर्डात ठरलं, कोर्टात ठरलं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराने स्वतः काय ठरवलं? काहीच नाही. परीक्षा द्यायची की नाही हेसुद्धा त्याच्या हातात नव्हतं. आता पहिल्यांदा त्याच्यासमोर एक पान आलंय, फॉर्मचा भाग दोन. त्यात जास्तीत जास्त दहा रकाने आहेत, पसंतीक्रमाचे. निदान तेवढे दहा रकाने तरी त्याला भरू द्या! फॉर्म मुलाला भरू द्या. हे मी आज पुन्हापुन्हा सांगणार आहे, कंटाळलात तरी चालेल.

तुमच्यापैकी बहुतेकांनी एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली असेल. गाडी फलाटाला लागायच्या आत धावत जायचं, टाचा उंचावून रुमाल आत टाकायचा. घरातलं कुणीतरी गावाला जाणार असतं आणि त्याला जागा मिळावी म्हणून आपण ही कसरत करतो. पण रुमाल टाकणाऱ्याचं काम तिथे संपतं ना? ज्याला जायचंय तो आत येऊन बसतो, आपण खाली उतरतो, खिडकीपाशी उभं राहून 'पोचलास की फोन कर' म्हणतो. आमचे पालक रुमाल टाकतात आणि स्वतःच जागेवर बसून राहतात. पोरगं दांडीला धरून उभं! बरं, गाडीची पाटी तरी त्याला विचारावी? त्याला जायचंय सिन्नरला आणि रुमाल पडलाय मालेगावच्या गाडीत. का? तर त्या गाडीला गर्दी जास्त होती. शेजारच्या काकांचा मुलगा त्याच गाडीत चढला. गर्दी म्हणजे गाडी चांगली, असं आपलं गणित. पुढे दोन वर्षं खड्ड्यांचे धक्के त्या पोरालाच बसणार आहेत, हे रुमाल टाकताना कुणाच्या ध्यानात येत नाही.

गेल्या आठवड्यात एक मुलगी आली होती वडिलांबरोबर. ९१ टक्के. भाग एक तपासून झाला, नाव, जात प्रवर्ग, आरक्षण सगळं बरोबर. मी विचारलं, "शाखा कोणती गं?" वडील म्हणाले, "सायन्स." मी म्हटलं, "मी तिला विचारतेय." ती वडिलांकडे बघून म्हणाली, "आर्ट्स. मला मानसशास्त्र घ्यायचंय." वडिलांचा चेहरा असा झाला की जणू हे त्यांना रेडिओवरून कळतंय. "एक्क्याण्णव टक्के आणि आर्ट्स? मॅडम, तुम्हीच सांगा हिला." मी कशाला सांगू? मी म्हटलं, "तुम्ही दोघं बाहेर त्या बाकावर बसा, हा कोरा कागद घ्या. तिने दहा नावं लिहायची, तुम्ही फक्त प्रश्न विचारायचे. उत्तर द्यायचं नाही." अर्ध्या तासाने आले. सहा नावं होती, सगळी आर्ट्सची, त्यातलं एक घरापासून इतकं लांब की तिने स्वतःच खोडलं होतं. "बसला दीड तास लागतो," म्हणाली. तिने खोडलं, वडिलांनी नाही. वडील अजूनही नाराज होते. असू देत. नाराज राहायला पालकांना पूर्ण मुभा आहे.

आता यात एक व्यवहाराची गोष्ट आहे आणि ती नीट ऐका, कारण इथेच दरवर्षी रडारड होते. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीचं मिळालं तर थांबायची सोय आहे, पहिल्याला नाही. म्हणजे पहिल्या रकान्यात जे लिहाल ते 'बघू तरी मिळतंय का' म्हणून लिहायचं नसतं. आणि यंदा गुण सगळ्यांनाच भरघोस आहेत, कटऑफ कुठे जाऊन थांबेल हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वडिलांनी हौसेने पहिल्या रकान्यात एक मोठं नाव टाकलं, नाव लागलं, आणि मग मुलगा म्हणाला मला तिथे जायचंच नव्हतं, तर काय कराल? कंडक्टरने त्याचा नंबर पुकारलाय, तुमचा नाही. म्हणून म्हणते, फॉर्म मुलाला भरू द्या. पहिला रकाना तर त्यालाच भरू द्या.

मग पालकांनी हात बांधून बसायचं का? छे. तुमची कामं तुम्ही टाळताय, ही माझी दुसरी तक्रार. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, जातीचा दाखला, हे सेतू केंद्राच्या रांगेतलं काम तुमचं आहे. टाळेबंदीत कचेऱ्या कधी उघड्या, कधी बंद, कधी निम्म्या माणसांवर. यादीत नाव लागल्यावर त्या रांगेत पोराला उभं करू नका. सामान वर चढवून देणं, पाण्याची बाटली हातात देणं, हे खाली उभ्या असलेल्या माणसाचंच काम असतं.

आणि त्याहून अवघड काम म्हणजे पैशांचं बोलणं. गेल्या दीड वर्षात किती घरांतला पगार निम्मा झाला, किती दुकानांची शटरं उघडलीच नाहीत, हे मला सांगायला नको. पण हे आपण मुलांना सांगत नाही. त्यांना कळू नये म्हणून दार लावून बोलतो. मूल बिचारं विनाअनुदानित तुकडीचा कोड टाकतं, त्याची फी अनुदानितच्या कितीतरी पट असते, आणि यादी लागल्यावर बाबा म्हणतात, परवडत नाही. अहो, मग आधी सांगायचं होतं! वर्षाला इतके रुपये झेपतील, इतकं लांब पाठवता येईल, हॉस्टेल जमणार नाही. बसा आणि आकडा सांगा. सोळा वर्षांच्या मुलाला आकडा कळतो. मर्यादा फॉर्म भरायच्या आधी सांगितली तर ती माहिती असते, नंतर सांगितली तर तो नकार होतो. त्या मर्यादेच्या आत मग त्याला मोकळं सोडा. आणि क्लासवाले 'आमचं अमुक कॉलेजशी टायअप आहे, हजेरीची काळजी नको' म्हणतात, त्यांच्याबद्दल मला बरंच बोलायचंय, पण ते बोलायला लागले तर माझी सगळी मिनिटं तिथेच जातील.

केंद्रावर एक बाई आल्या होत्या, मुलगा बरोबर. पर्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत एक साधा बटणांचा फोन. शाळेने दिलेल्या माहितीत वडिलांचा नंबर होता आणि वडील एप्रिलमध्ये गेले, दुसऱ्या लाटेत. ओटीपी त्याच नंबरवर येणार म्हणून बाईंनी रिचार्ज मारून ते सिम चालू ठेवलं होतं. मी मुलाला विचारलं, "नंबर बदलायचा का रे? अर्ज करून बदलता येईल." तो म्हणाला, "नको मॅडम, हाच राहू दे. पण फोन माझ्याकडे असू दे." आईने पिशवीसकट दिला. त्याने फॉर्म स्वतः भरला, एकदाही न चुकता. कॉमर्स. का, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं, की सकाळचं कॉलेज हवंय, दुपारी काम बघता येईल.

ज्या घरांत आईबाप दोघंही धडधाकट आहेत, त्या घरांत मात्र मूल 'अजून लहान आहे'.

आणखी एक. निकालाच्या दिवसापासून मी ऐकतेय, 'कोरोना बॅच', 'ढकलपास', 'बसल्या बसल्या नव्वद टक्के'. कोण म्हणतं हे? मामा, आत्या, सोसायटीतले आजोबा, आणि कधीकधी चहा पिता पिता बापसुद्धा. कृपा करून हे थांबवा. परीक्षा द्यायला ही मुलं नाही म्हणाली नव्हती. आणि ज्या मुलाला आपले गुण खरे वाटत नाहीत, तो पसंतीक्रम कसा लावेल? एक तर घाबरून अगदी खालचं लिहील, नाहीतर खांदे उडवून म्हणेल, तुम्हीच भरा. मग तुम्ही भराल, आणि पुन्हा रुमाल टाकून तुम्हीच बसाल. तेव्हा फॉर्म मुलाला भरू द्या. तुम्ही शेजारी बसा, चष्मा लावून. लॉक करायच्या आधी कॉलेजचा कोड, शाखा, माध्यम, अनुदानित की विनाअनुदानित, एवढं एकदा मोठ्याने वाचायला लावा. एका कोडमधला एक अंक चुकला तर इंग्रजी माध्यमाच्या जागी मराठी येतं, किंवा उलटं.

मुलाने चुकीचं ठरवलं तर, असं आता कुणीतरी मनात म्हणत असेल. ठरवेल कदाचित. पहिल्या फेरीत नाव नाही लागलं तर पुढच्या फेरीआधी क्रम बदलता येतो. अकरावीत शाखा झेपली नाही तर… त्याचेही मार्ग आहेत, आयटीआय आहे, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे, त्याचे प्रवेश वेगळे चालतात आणि तिकडे बघणारं मूल हे हरलेलं मूल नसतं. यावर खरं तर वेगळं भाषण हवं.

काचेपलीकडून मला दोन बोटं दाखवताहेत, म्हणजे दोनच मिनिटं.

बारावीच्या पालकांसाठी थोडं राखून ठेवलं होतं, ते राहूनच चाललंय. त्यांचा निकाल ३ ऑगस्टला लागला, पण त्यांची खरी परीक्षा पुढेच आहे. मेडिकलची 'नीट' १२ सप्टेंबरला, बारावीनंतरची वेगळी सीईटीही व्हायची आहे. ही मुलं अठराच्या उंबरठ्यावर आहेत, काही तर मतदारयादीत नाव घालायच्या वयाची झाली आणि त्यांचाही पासवर्ड… नाही, ते आता सांगत नाही. त्यांच्या बाबतीत परीक्षेचं जे केंद्र येईल, तिथे आदल्या दिवशी जाऊन रस्ता बघून यावा, पावसाचे दिवस आहेत. हॉलतिकिटाच्या दोन प्रती काढा. एक मुलाकडे, एक तुमच्याकडे. आणि पेन… बरं, संपलंच.