चिमट्याआधीची दहा मिनिटे



अध्यक्षपदाच्या निमित्ताने तुम्ही पशुवैद्यक आणि शेतकरी मंडळींनी मला एटापल्लीला परत बोलावलंत, याचा आनंद मोठा आहे. नोकरीची पहिली वर्षं मी याच तालुक्यात काढली. म्हणून आज पशुसंवर्धनाचा सगळा पसारा मांडत नाही. एकाच गोष्टीवर बोलतो: गोऱ्हा खच्ची करताना त्याला होणाऱ्या वेदनेवर.

त्या वर्षांतल्या एका सकाळी बांडिया नदीपलीकडच्या एका टोल्यावर नऊ गोऱ्हे होते. कातडी न कापता खच्ची करणारा बर्डिझोचा चिमटा होता, धरायला चार धट्टीकट्टी पोरं होती. भुलीचं औषध नव्हतं आणि त्याची मला खंतही नव्हती. रक्त नाही, जखम नाही, म्हणजे त्रास नाही, असं आम्ही धरून चालायचो. सहाव्या गोऱ्ह्याला चिमटा आवळला. तो हंबरला नाही. दात करकर वाजले, पाय ताठ झाले, बुबुळं फिरली. सोडल्यावर उठला, चार पावलं चालला आणि मागचे पाय फाकवून तसाच उभा राहिला. पुढ्यातल्या तणसाला त्याने तोंड लावलं नाही. घरची म्हातारी म्हणाली, "डाक्टर, त्याले दुखते ना? मंग माणसासारखी सुई काऊन नाई देत?" मी म्हणालो, "आजी, जनावर आहे ते. सकाळपर्यंत विसरेल."

माझं ते उत्तर चुकीचं होतं. गायबैल दुखणं लपवतात. वाघ-बिबट्यांच्या या रानात लंगडणारं जनावर आधी हेरलं जातं, तेव्हा गप्प राहणं त्यांच्या रक्तातच आहे. चिमट्याने कातडी फाटत नाही, पण आत वृषणरज्जू चिरडला जातो आणि त्याच्यासोबत मज्जातंतूही. दुखणं वाचायचं तर ओरडण्याची वाट पाहू नका. पडलेले कान, ताणलेली पाठ, थांबलेला रवंथ, पुन्हा पुन्हा मागे वळून बघणं, हे बघा.

इलाज महागडा नाही. दोन टक्के लिग्नोकेन दोन्ही वृषणरज्जूंत आणि मानेपाशी कातडीखाली टोचायचं. इथे मान म्हणजे वृषणकोशाची, हे नव्या मुलांसाठी सांगतो. मग थांबायचं. आपलं खरं चुकतं ते इथेच. सुई दिली की हात लगेच चिमट्याकडे जातो आणि बधिरता येण्याआधीच जबडा आवळला जातो. अशी भूल फक्त कागदावर दिलेली असते. दहा मिनिटं थांबा, कातडीला बोटांनी चिमटा काढून बघा, मगच पुढे जा. नऊ गोऱ्हे असतील तर सगळ्यांना ओळीने सुई द्या. शेवटच्याचं टोचून होईतो पहिला तयार झालेला असतो, वेळ वाया जात नाही.

पण लिग्नोकेन तास-दीड तासात उतरतं, आणि सूज तर त्यानंतर चढते. म्हणून चिमट्याआधीच मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक द्या, किलोमागे अर्धा मिलिग्रॅम. दोनशे किलोच्या गोऱ्ह्याला शंभर मिलिग्रॅम झालं. गाईबैलांच्या अंगात ते दिवसभराहून अधिक टिकतं, एका मात्रेत पहिली रात्र निघते.

मेलॉक्सिकॅमच का, याचं उत्तर आपल्या जिल्ह्याच्या आभाळात आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर मेलं, त्याचं मांस गिधाडाने खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. 2004 साली हे सिद्ध झालं आणि 2006 मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा वर्षांत 99 टक्क्यांहून अधिक घटली होती. 31 जुलै 2023 रोजी किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकही बंद झाली, पुढे निमेसुलाइड. गडचिरोलीच्या वनविभागाने गिधाडांसाठी उपाहारगृहं उभारली. तिथे जाणारं मढं आपल्याच गोठ्यातलं असतं. म्हणूनच मेलॉक्सिकॅम: वेदना शमवताना गिधाड मारायचं नाही, ही इथल्या पशुवैद्यकाची दुहेरी जबाबदारी आहे. माणसांची डायक्लोफिनॅकची कुपी आपल्या पेटीत दिसता कामा नये.

कायद्याचंही बोलतो. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने खच्चीकरण, शिंगं काढणं, डाग देणं आणि वेसण घालणं यांना 'विहित पद्धतीने' केल्यास सूट दिली. पद्धत मात्र अनेक दशकं कुणी ठरवलीच नाही. 2023 च्या नियमांनी भूल आणि नोंदणीकृत पशुवैद्यक यांची अट घातली. शिंगकळी जाळतानाही हाच न्याय लावा: डोळ्याच्या कोपऱ्यापासून शिंगाकडे जाणारा तंतू आधी बधिर करा.

काही मित्र म्हणतात, औषध पुरत नाही, रस्ता नाही, वेळ नाही. अडचणी खऱ्या आहेत, मी त्या भोगल्या आहेत. पण ज्या बैलाच्या खांद्याला पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण हळद आणि तूप लावतो, त्याच्यासाठी दहा मिनिटं नाहीत, हे मला पटत नाही. आपल्या कठाणी गाईला जनावरांच्या जाती नोंदवणाऱ्या राष्ट्रीय ब्युरोची मान्यता मिळाली; तिचे बैल लहान चणीचे, चिखलात न थकणारे. बांधीतली चिखलणी त्यांच्याच जिवावर होते.

धानाची कापणी झाली की गोऱ्हे चिमट्याला येऊ लागतील. त्याआधी प्रत्येक दवाखान्याने लिग्नोकेन आणि मेलॉक्सिकॅमची मागणी लेखी नोंदवावी, अशी माझी विनंती आहे. आणि शेतकरी बांधवांनो, सुई दिल्याशिवाय कुणी चिमटा उचलला, तर त्याचा हात धरा. तो डॉक्टर असला तरी धरा.