संदेश घडतो तेथील कारभार



आरोग्याचा संदेश देणाऱ्या कार्यालयाचा कारभार कसा असावा, हे गोराईत चटकन उमगते. आज खाडी ओलांडून येताना मासळीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या भगिनी दिसल्या. आपले लसीकरणाचे भित्तिपत्रक त्यांना सकाळी दहाला बोलावत असेल, तर ते कितीही सुबक असो, व्यर्थच होय.

ही चूक छपाईपूर्वी कोणाला कळेल? वस्तीत फिरणाऱ्या परिचारिकेला. परंतु मी पाहिलेल्या एका बैठकीत तिला बोलावलेच नव्हते. ज्या कनिष्ठाला शंका आली, तो साहेबांपुढे गप्प राहिला. मीही गप्पच राहिलो.

पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली. नुसते केंद्रावर बोलावून भागेना, तेव्हा कार्यकर्ते घरोघरी गेले. कोणते घर राहिले, का राहिले, याची नोंद वरपर्यंत पोहोचू लागली. नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा देशातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला.

म्हणून मजकूर छापण्यापूर्वी तो दारोदार नेणाऱ्यांना दाखवावा. ‘साहेब, हे चुकते आहे’ असे वाक्य ज्या कार्यालयात निर्भयपणे उच्चारता येते, त्याचाच संदेश घरापर्यंत पोहोचतो.