पावाच्या कारखान्यातला फुटबॉल संघ



आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर झाले, तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आमच्याकडून ठेवू नये. एक जुनी चूक दुरुस्त करावी, एवढ्यासाठीच आज उभे आहोत.

युक्रेनमधल्या कीव्ह शहरच्या फुटबॉलपटूंची गोष्ट आम्ही गेटसभांतून वर्षानुवर्षे सांगत आलो. जर्मनांनी बजावले, ‘जिंकलात तर मराल.’ ते जिंकले आणि मैदानावरच गोळ्यांना बळी पडले! टाळ्या हटकून पडत. एकदा सभा संपल्यावर एका बेकरी कामगाराने विचारले, “दादा, त्यांची नावे काय हो?” आम्हाला एकही नाव सांगता येईना. मग आम्ही वाचू लागलो.

खरी हकीकत अशी. कीव्हचा डायनॅमो हा पोलीस खात्याच्या आश्रयाखालचा क्लब, तर लोकोमोटिव्ह रेल्वे कामगारांचा. २२ जून १९४१ रोजी शहरात नव्या स्टेडियमचे उद्‌घाटन व्हायचे होते. त्याच पहाटे बाँब पडले. १९ सप्टेंबरला शहर पडले. महिनाअखेर बाबिन यारच्या घळीत दोन दिवसांत ३३,७७१ यहुदी मारले गेले. डायनॅमोचा गोलरक्षक त्रुसेविच याला पावाच्या कारखान्यात काम मिळाले. त्याने हुडकून काढलेले जुने सोबतीही तिथेच लागले. त्यांनी संघ उभारला, नाव ‘स्टार्ट’. उपासमारीच्या दिवसांत, काम सांभाळून ही माणसे खेळली. ६ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांनी जर्मनांच्या ‘फ्लाकएल्फ’ संघाला ५-१ असे हरविले. ९ ऑगस्टच्या परतीच्या सामन्यात ५-३.

आणि मग? मग ते घरी गेले. १६ तारखेला आणखी एक सामना जिंकले. १८ तारखेला गेस्टापोने त्यांना कारखान्यातून उचलले. कोरोत्किख कोठडीतल्या छळाने मेला. बाकीचे सिरेत्सच्या छावणीत गेले. तिथे २४ फेब्रुवारी १९४३ रोजी त्रुसेविच, कुझमेन्को आणि क्लिमेन्को यांना गोळ्या घातल्या. काहीजण निसटले. त्यांतल्या होंचारेन्कोने पुढे सांगितले की, सामना सोडून द्या अशी धमकी कोणी दिली नव्हती. अटक कशामुळे झाली, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही.

शहर ६ नोव्हेंबर १९४३ रोजी मुक्त झाले. वाचलेल्यांकडे सरकारने आधी संशयाने पाहिले : शत्रूबरोबर खेळलात कसे? पुढे त्याच सरकारने त्यांना वीर ठरविले, पदके दिली. १९७१ मध्ये स्मारक उभे राहिले. दोन्ही वेळा सोय पाहिली गेली ती सरकारची. आम्ही तरी वेगळे काय केले? आम्हाला टाळ्या हव्या होत्या.

मित्रहो, आम्ही संपाच्या सभांतही असेच करतो. मेलेल्याला मोठा करतो आणि रोज मुकाट्याने पाळी भरून उपाशीपोटी ताठ उभा राहणारा विसरतो. कीव्हच्या त्या माणसांना शेवट ठाऊक नव्हता. ठाऊक नसताना ते खेळले, भुकेल्या शहराने त्यांना जिंकताना पाहिले, एवढे पुरेसे आहे. त्याला खोट्याची फोडणी लागत नाही.

पुढच्या गेटसभेत आम्ही चार नावे वाचली : त्रुसेविच, कुझमेन्को, क्लिमेन्को, कोरोत्किख. टाळ्या पडल्या नाहीत. तो बेकरी कामगार मात्र शेवटपर्यंत थांबला होता.